चौदा रुपये, पाच कोटी माणसं

२०११-१२ साली शहरात राहणारा माणूस दिवसाला ३३ रुपयांहून जास्त खर्च करत असेल तर तो गरीब नाही, असं सरकारदरबारी ठरलं होतं. सुरेश तेंडुलकर समितीच्या रीतीने काढलेली ही रेषा, महिन्याला माणशी १,००० रुपयांची. तिच्याखाली देशातले सव्वापाच कोटींच्या आसपास शहरी लोक निघाले. त्याआधी, २०११ च्या सप्टेंबरात, नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात ३२ रुपयांचं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. त्यावर इतका गहजब झाला की पुढे सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमावी लागली. तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. मोजणीचं वर्ष तेच २०११-१२, राष्ट्रीय नमुना पाहणीची फेरीही तीच, अडुसष्टावी. रेषा मात्र दिवसाला ४७ रुपयांवर, म्हणजे महिन्याला १,४०७ वर सरकली. शहरी गरीब झाले सव्वादहा कोटी.

फरक चौदा रुपयांचा आणि माणसं पाच कोटी. २०११ च्या शिरगणतीत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख भरली होती. म्हणजे चार मुंबई भरतील इतकी माणसं कागदावर गरीब झाली, आणि त्यांतल्या एकाच्याही ताटात घासभर फरक पडला नव्हता.

‘३२ रुपयांत काय येतं हो?’ ही चेष्टा तेव्हा घरोघरी झाली. ती करताना एक गोष्ट सुटत होती. हा खर्च माणशी आहे, तान्ह्या पोरासकट. पाच जणांच्या घराला ३३ रुपये म्हणजे महिन्याला ५,०००, आणि ४७ म्हणजे सात हजारांच्या वर थोडे. त्या काळच्या मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत पाच हजारांवर पाच माणसं राहत होती का? राहत होती. कशी, ते मात्र या आकड्यातून कळत नाही. रेषा फार खाली ओढली की फार वर, यापेक्षा माझी तक्रार या न कळण्याबद्दल आहे.

माणसाला जगायला किती पैसे लागतात, हा हिशेब मुंबई-पुण्याला नवा नाही. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ च्या भावाने माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये असा अंदाज बांधला. आधाराला त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि जहाजाने परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुरांच्या शिध्याचे हिशेब घेतले होते. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा प्रबंध गाजला. रोज माणशी २,२५० कॅलरी मिळायच्या तर १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला १५ रुपये लागतात आणि शहरात साडेबावीस, असं गणित त्यांनी मांडलं. म्हणजे रोजचा आठ आणे आणि बारा आणे. त्या रेषेखाली खेड्यातले शेकडा चाळीस आणि शहरातले शेकडा पन्नास लोक होते. शहर खेड्याहून गरीब! तेंडुलकरांच्या २०११-१२ च्या आकड्यांत हे पारडं पार फिरलं आहे: खेड्यात २५.७ टक्के, शहरात १३.७. अर्धं शहर जिथे गरीब होतं तिथे आता सातातला एक. सुधारणा झाली यात शंकाच नाही. किती झाली, हे मात्र पट्टी कोणती यावर ठरतं.

महाराष्ट्रापुरती ही पट्टी पाहा. राज्याच्या शहरी भागासाठी तेंडुलकर रीतीने २०११-१२ ची रेषा होती माणशी महिना १,१२६ रुपये. शहरी भाग म्हणजे सगळाच. मुंबईतली मालाडची मालवणी आणि गडचिरोली नगरपालिकेतली एखादी आळी, दोन्हीकडे हीच रेषा. खोलीचं भाडं, बसचं तिकीट, भाजीचा वाटा यांतल्या कशाचीही या दोन गावांत गाठ पडत नाही, पण गरिबीची व्याख्या एकच. त्या व्याख्येने महाराष्ट्राच्या शहरांत ९.१२ टक्के लोक गरीब होते. त्याच सुमाराच्या शिरगणतीत बृहन्मुंबईतले ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. दोन्ही आकडे सरकारी आहेत, आणि दोन्ही आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत.

थोडासा धक्का लागला की कोट्यवधी माणसं रेषेच्या इकडून तिकडे का जातात, त्याचं उत्तर सोपं आहे. गर्दी रेषेपाशीच आहे, जशी लोकलच्या दाराशी असते. डबा किती भरलाय हे तुम्ही नेमकं कुठपर्यंत ‘आत’ धरता त्यावर ठरतं. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये आपली अतिगरिबीची रेषा दिवसाला तीन डॉलरवर नेली. हे डॉलर खरेदीक्षमतेचे, म्हणजे बँकेत मिळणाऱ्या भावाचे नव्हेत. आपल्याकडे असा एक डॉलर साधारण वीस रुपयांचा पडतो. या रेषेने २०२२-२३ मध्ये भारतात अतिगरीब होते ५.३ टक्के, साडेसात कोटी. बँकेचीच दुसरी रेषा आहे ४.२० डॉलरची, आपल्यासारख्या मध्यम उत्पन्नाच्या खालच्या पायरीवरच्या देशांसाठी. तिच्याखाली २३.९ टक्के. दोन रेषांमधलं अंतर सव्वा डॉलरसुद्धा नाही, रुपयांत पंचवीसेक. मुंबईत एका वडापावाची किंमत. त्या पंचवीस रुपयांच्या फटीत भारतातली पंचवीस कोटींहून जास्त माणसं उभी आहेत.

त्यातून प्रश्न कसा विचारता यानेही गरीब कमीजास्त होतात. पाहणीवाला दारात येऊन विचारतो, ‘गेल्या तीस दिवसांत तेलाला किती खर्च केला?’ बाई आठवून सांगते. तोच प्रश्न ‘गेल्या सात दिवसांत’ असा विचारला की आकडा वाढतो, कारण आठवड्यापूर्वीचा पाव किलो तेलाचा पाऊच आठवतो, महिन्यापूर्वीचा आठवत नाही. १९९४ ते १९९८ या काळातल्या छोट्या फेऱ्यांत नमुना पाहणीने प्रयोग म्हणून दोन्ही तऱ्हेने विचारून पाहिलं. सात दिवसांच्या प्रश्नाने गरिबांची संख्या जवळपास निम्मी होत होती. पुढे १९९९-२००० च्या मोठ्या फेरीत दोन्ही मुदती एकाच प्रश्नावलीत घातल्या गेल्या. माणसं एका उत्तराशी दुसरं जुळवून सांगू लागली आणि त्या फेरीचे आकडे आधीच्यांशी ताडून पाहता येईनात. अर्थशास्त्रज्ञांमध्ये त्यावरून वर्षानुवर्षं जुंपली होती. अर्धी गरिबी एका प्रश्नातल्या ‘तीस’ आणि ‘सात’ या दोन शब्दांमध्ये लटकलेली होती.

झोपडपट्टीच मोजायची म्हटली तरी हाच खेळ. २०११ च्या शिरगणतीने वस्तीला झोपडपट्टी म्हणायला किमान ६०-७० घरं किंवा ३०० माणसं अशी अट घातली, आणि देशात १ कोटी ३७ लाख झोपडपट्टीवासी कुटुंबं मोजली, साडेसहा कोटी माणसं. पुढच्याच वर्षी नमुना पाहणीने वीस घरांचीच अट धरली. अट सैल, म्हणजे संख्या वाढायला हवी. भरली ८८ लाख कुटुंबं, ३३,५१० वस्त्यांत. दोन सरकारी पाहण्या, एका वर्षाचं अंतर, आणि एकोणपन्नास लाख घरं हिशेबातून गायब. त्या ३३,५१० वस्त्यांपैकी ७,७२३ एकट्या महाराष्ट्रात होत्या.

मुंबईचा आकडा तर आणखी चमत्कारिक. १९७६ च्या जानेवारीत सरकारने शहरातल्या झोपड्यांची पहिली मोठी गणना केली, ‘फोटोपास’ नावाचा कागद त्यातूनच आला. तेव्हा अठ्ठावीस लाखांच्या आसपास माणसं निघाली. २००१ च्या शिरगणतीत ६४ लाख ७५ हजार, शहराचे ५४ टक्के. २०११ मध्ये ५२ लाख. दहा वर्षांत पावणेतेरा लाख माणसं कमी! यांतले काही पुनर्वसनाच्या सात-सात मजली इमारतींत गेले, काही वसई-विरार, मुंब्रा, कल्याणकडे फेकले गेले, आणि काही व्याख्येच्या कडेवरून खाली घसरले असणार. इमारतीत गेलेला माणूस शिरगणतीच्या दृष्टीने झोपडपट्टीतून बाहेर पडला. त्याचं नाक्यावरचं काम तेच राहिलं आणि वर लिफ्टचं, पंपाचं, सोसायटीचं मेंटेनन्स सुरू झालं.

इथे मला ज्या मुद्द्यावर रेंगाळायचं आहे तो येतो. आपली गरिबीची सगळी पट्टी खर्चावर आधारलेली आहे. उत्पन्न विचारलं तर लोक खरं सांगत नाहीत, मोलमजुरी करणाऱ्याला ते सांगताही येत नाही, म्हणून खर्च विचारायचा; जितका खर्च जास्त तितकं घर सुस्थितीत. खेड्यात, जिथे दाणे घरचे आणि घरही स्वतःचं, तिथे हे बऱ्यापैकी चालतं. वस्तीत मात्र खर्च वाढतो तो बहुतेक वेळा काहीतरी महाग झालं म्हणून किंवा काहीतरी बिनसलं म्हणून.

पाण्याचं बघा. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जमिनीवर कौला बंदर नावाची वस्ती आहे. सरकारी यादीत अधिसूचित नाही, त्यामुळे महापालिकेचा नळ नाही. ‘पुकार’ या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या पाण्याचा अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा महापालिकेचा दर होता हजार लिटरला सव्वादोन रुपये. वस्तीतले लोक खासगी पुरवठादारांकडून पाणी घ्यायचे ते याच्या ५२ ते २०६ पट भावाने. शंभरातल्या पंच्याण्णव घरांना माणशी ५० लिटरसुद्धा मिळत नव्हतं. गणित करून पाहू. चौघांचं घर, माणशी तीस लिटर, दिवसाचे १२० लिटर, महिन्याचे ३,६००. पालिकेच्या दराने बिल आठ रुपये. बावन्न पटीने ४२१ रुपये. दोनशे सहा पटीने १,६६९ रुपये, माणशी ४१७. आणि त्या काळची शहरी महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा माणशी १,१२६. म्हणजे त्या घराचा रेषेपर्यंतचा एक तृतीयांशाहून जास्त प्रवास पिंपात ओतलेल्या पाण्यातच झाला. पाणीवाल्याने जितकं लुटावं तितकं घर दारिद्र्यरेषेच्या वर! (२०१४ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल देताना पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि अनधिकृत वस्त्यांनाही पाणी देण्यासाठी धोरण आखायला पालिकेला सांगितलं.)

भाड्याचंही तेच. पाहणीत भाडेकरूने दिलेलं भाडं खर्चात धरतात. स्वतःच्या झोपडीत राहणाऱ्याचं काल्पनिक भाडं धरत नाहीत. मनाशी एक घर धरा. नवरा नाक्यावर बिगारी, रोज सातशे. बाई तीन घरी धुणीभांडी करून महिन्याला सहा हजार आणते. दोन मुलं. खोलीभाडं पाच हजार. चांगल्या महिन्यात नवऱ्याचे वीस दिवस भरतात, घरात येतात वीस हजार. जुलैत पाऊस लागला की नऊच दिवस काम, बाकी खाडे, घरात १२,३००. सगळे खर्चले असं धरलं तर माणशी ३,०७५. तेंडुलकरांची १,१२६ ची रेषा महागाईबरोबर दुप्पट करून २,२५० धरली तरी हे घर जुलैतसुद्धा रेषेच्या आठशे रुपये वर आहे, गरीब नाही. आता भाडं बाजूला काढा. उरले ७,३००, माणशी १,८२५, रेषेच्या सव्वाचारशे रुपये खाली. शेजारच्या खोलीत अगदी असंच घर आहे, पण खोली स्वतःची आणि उत्पन्न भाड्याइतकंच कमी. खातात-पितात दोघं सारखंच. पाहणीवाल्याच्या वहीत ते घर गरीब आणि हे भाडेकरू घर खातंपितं.

पुढे याच घरातली बाई आजारी पडली आणि नर्सिंग होमचं बिल चाळीस हजार झालं असं समजा. रुग्णालयाचा खर्च वर्षभराच्या मुदतीवर विचारतात. चाळीस हजार भागिले बारा, भागिले चार: माणशी महिना ८३३ रुपये. कागदावर घर तेवढं वर चढलं. हे चाळीस हजार आले कुठून? व्याजाने काढले, शेकडा पाचने. महिन्याला दोन हजार नुसतं व्याज, आणि व्याज किंवा कर्जाची परतफेड हा उपभोगाचा खर्च नव्हे, म्हणून तो कुठल्याच रकान्यात येत नाही. बाई बरी होईपर्यंत तीन घरांतलं एक काम सुटलेलं असतं, तेही नाही. या पट्टीला आजारपण म्हणजे बरकत दिसते! अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकाने हजारो घरांना तुम्ही गरीब कसे झालात असं विचारून जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच, मराठीत सांगायचं तर, ‘एका आजारपणाच्या अंतरावर’ असं आहे. बिलाच्या भीतीने जे दवाखान्यात गेलेच नाहीत त्यांचा खर्च शून्य, ते तर कुठल्याच हिशेबात नाहीत.

कर्जाचं मोजमाप या शहरात शंभर वर्षांपूर्वी झालं होतं, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने २,४७३ कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. सरासरी मिळकत महिन्याला ५२ रुपयांच्या आसपास. शेकडा सत्त्याण्णव कुटुंबं एका खोलीत. आणि शेकडा सत्तेचाळीस कर्जात, अडीच महिन्यांच्या मिळकतीइतक्या. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे शेकडा सव्वासहा, वर्षाला पंचाहत्तर टक्के. आज वस्तीत शेकडा पाच म्हणजे ‘ओळखीतला’ दर आणि शेकडा दहा म्हणजे अडल्या-नडल्याचा. गिरण्या गेल्या, पण व्याजाचा दर जवळपास तिथेच आहे.

हे सगळं एका भेटीत, एका प्रश्नावलीत पकडायचा प्रयत्न करणंच मुळात फोल आहे, असं मला वाटतं. त्याहून शहाणी रीत काही लोकांनी वापरून पाहिली आहे. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून जास्त घरांकडे वर्षभर, दर पंधरा दिवसांनी जाऊन आला-गेलेला प्रत्येक पैसा टिपायचा. भारतातली शहरी घरं दिल्लीच्या झोपडपट्ट्यांतली होती. २००९ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. एकही घर असं निघालं नाही की ज्याचं चारपेक्षा कमी तऱ्हेच्या देवघेवींवर भागत होतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर भिशी, वाण्याची वही, मालकाकडून उचल, बचत गट, मंगळसूत्र गहाण, नातेवाइकाचे बिनव्याजी दोन हजार, वहिनीकडे ठेवायला दिलेले स्वतःचेच पाचशे. दिवसाला दोन डॉलर मिळतात म्हणून एखाद्याला गरीब म्हणायचं, पण रोज दोन कधीच मिळत नाहीत. एक दिवस सहा आणि मग दोन दिवस काहीच नाही. सरासरी काढली की हेच पहिल्यांदा पुसलं जातं.

अलीकडे नवी पट्टी आली आहे, बहुआयामी गरिबीची. पैशाऐवजी घरात काय नाही ते मोजायचं: पोषण, शाळा, वीज, गॅस, पाणी, शौचालय, बँकेचं खातं, असे बारा निर्देशक. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात या पट्टीने २०१९-२१ मध्ये शहरी भारतात फक्त ५.२७ टक्के गरीब निघाले. कल्पना चांगली आहे, पण वस्तीतल्या खोलीत शिरून बघा. खाली लादी, भिंत विटांची, वर पत्रा, मीटर, गॅस, मोबाइल, जनधन खातं. घराच्या निर्देशकात जमीन कसली, भिंत कसली, छप्पर कसलं ते विचारतात. त्या खोलीत आणि पोटमाळ्यावर मिळून सात जण झोपतात हे विचारायला रकाना नाही. सार्वजनिक शौचालय असेल तर त्याची कमतरता धरतात, तिचं वजन एकूण एकवीस भागांपैकी एक. घर गरीब ठरायला असे सात भाग भरावे लागतात. रांगेत उभं राहून एकाचे सात होत नाहीत.

त्या एका भागाचं खरं वजन किती, ते २०२० च्या जुलैत कळलं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ताचे नमुने तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना करोना होऊन गेलेला, इमारतींत १६ टक्के. त्याच प्रभागांत, काही ठिकाणी तर रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला. कारणांत संशोधकांनी दाटीवाटी आणि सामायिक शौचालयं सांगितली.

आता शिधापत्रिकेकडे येऊ, कारण वस्तीतल्या माणसाची गाठ नीती आयोगाशी पडत नाही, रेशनच्या दुकानाशी पडते. महाराष्ट्रात पिवळ्या कार्डाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला १५,००० रुपये. अख्ख्या कुटुंबाला, रोजचे ४१ रुपये. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीत शहरी कुटुंबाला मर्यादा ५९,०००, रोजचे १६२. पाच माणसं असतील तर माणशी ३२. केशरी कार्ड एक लाखापर्यंत, त्यापुढे पांढरं. आता एकच माणूस घ्या, रोज सहाशे, महिन्यात वीसच दिवस काम. वर्षाला १,४४,०००. पांढरं कार्ड! म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यावर खरा आकडा लिहिणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि तो शोधायची गरज सरकारलाही कधी वाटलेली नाही. लाडकी बहीण योजनेला मर्यादा अडीच लाखांची. मुंबई महानगरात म्हाडाच्या अत्यल्प उत्पन्न गटातल्या घराला सहा लाख. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाला आठ लाख. एकाच राज्यात, एकाच वेळी, दुर्बल म्हणवून घेण्याची मर्यादा पंधरा हजारांपासून आठ लाखांपर्यंत, त्रेपन्न पट.

एवढं करून ५९,००० च्या आत बसलात तरी नाव चढेलच असं नाही. अन्नसुरक्षेचा कोटा, ज्याला सरकारी मराठीत ‘इष्टांक’ म्हणतात, महाराष्ट्रासाठी ७ कोटी १६ हजार माणसांचा आहे. खेड्यातले ७६.३२ टक्के आणि शहरातले ४५.३४ टक्के लोक, असा तो काढला. (शहरी महाराष्ट्रात गरीब ९.१२ टक्के आणि स्वस्त धान्याला पात्र ४५.३४ टक्के, सरकारलाही स्वतःच्या रेषेवर किती भरवसा होता ते दिसतं.) ही टक्केवारी लावली आहे २०११ च्या लोकसंख्येला. त्यानंतर वस्तीत आलेली सून, जन्मलेली पोरं, गावाहून आलेला दीर, हे सगळे त्याच सात कोटींत बसवायचे. शिधावाटप कार्यालयात अर्ज फेटाळताना कारण उत्पन्नाचं असतंच असं नाही. ‘इष्टांक शिल्लक नाही’ एवढंच सांगितलं जातं. कुणी वारलं, कुणाचं कार्ड रद्द झालं, तर जागा होते.

पुढच्या शिरगणतीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. तिच्या लोकसंख्येच्या आकड्याने इष्टांक बदलला तर महाराष्ट्राच्या शहरांत किती नवी नावं चढतील, हा सरळ गुणाकार आहे. झोपडपट्टीचं तसं नाही. तिथे वस्तीला किमान घरं साठ धरतात की वीस, आणि पुनर्वसनाच्या इमारतींना कोणत्या रकान्यात टाकतात, यावर मुंबईचे दहा-बारा लाख सहज इकडचे तिकडे होतील. आकडे बाहेर आले की मी लोकसंख्येच्या आधी व्याख्यांचं पान उघडणार आहे.